पुढची खुर्ची

पंख उभा केलाय दोन घोड्यांवर,
अलीकडे मी, पलीकडे टामाती.
लांब सुई कापडातून आरपार जाते,
फासळीला वळसा घालून परत येते.
गाठ.
चार बोटं सोडून पुन्हा गाठ.
पंख्याचा झोत लागतो तिथे तीनच सोडायची,
तिथे वारा दातांनी उसवायला बघतो.

शेडबाहेर साउथलंडचा ऑगस्ट,
मेंढ्यांच्या पाठींवर दहिवर.
आत डोपचा वास, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा,
दोन दिवस केसांतून जात नाही.

टामाती विचारतो, मोराग, हे पंख असे मागे का झुकलेत?
वेगासाठी?

वेग कसला!
टायगर मॉथ म्हणे. नावात वाघ, अंगात पतंग.
समोरून वारा आला
तर खालची दुधाची लॉरी पुढे निघून जाते.

ऐक.
आधीच्या विमानाला वरचा पंख होता
नेमका पुढच्या खुर्चीच्या डोक्यावर,
त्यात पेट्रोलची टाकी, भोवती खांब न् तारा.
पुढे मास्तर बसायचा, मागे पोरगा.
आणि पॅराशूट बांधलेल्या मास्तरला
वेळ आली तर बाहेरच पडता येईना.
म्हणून पंख पुढे सरकवला.
सरकवला तर तोल गेला.
तोल सावरायला टोकं मागे ओढली.
एवढंच.
एका माणसाला उडी मारता यावी म्हणून
अख्खं यंत्र खांदे पाडून उभं राहिलं,
नि लोक म्हणतात, काय डौल आहे!

बाकी सगळा शिकवणीचा संसार.
इंजिन उलटं टांगलेलं, नाकासमोरचं दिसावं म्हणून.
ब्रेक नाहीत,
शेपटीखाली लोखंडी खूर, तो गवतात रुतेल तेव्हा थांबायचं.
पेट्रोल किती उरलं, ते डोक्यावर
एका तरंगत्या काडीला विचारायचं.
बोलायला रबरी नळी.
तिच्यातून माझ्या वडिलांचा आवाज
किती कानांत गेला असेल:
डावा पाय. डावा. अरे, तुझा डावा!

तायेरीच्या गवती मैदानावर, त्रेचाळीस साली,
ते पुढे बसत.
पोरांना दिसे फक्त त्यांची मान.
आठ-नऊ तास झाले की एका सकाळी ते खाली उतरत,
आपले पट्टे रिकाम्या खुर्चीवर आवळून बांधत,
सुटे राहिले तर दांड्यात अडकतात,
आणि गवतात उभे राहून पाइप पेटवत.
पोरगं त्या रिकाम्या खुर्चीमागून वर जाई.
मग बोटीने कॅनडा.
मग जर्मनीवरची रात्र.

घरी त्यांनी एकाचंही नाव घेतलं नाही.

युद्ध संपलं, विमानं मोडीच्या भावात निघाली.
वडिलांनी एक घेतलं.
पुढची खुर्ची उपटून तिथे पत्र्याचा हौद,
हौदात सुपरफॉस्फेट.
आणि ते मागे बसले, पोरांच्या जागी.
समोर मान नाही,
खताचं झाकण.
टेकड्यांवर पांढरी पूड सांडत
दिवसाला चाळीस-चाळीस खेपा.
आईने एकदा विचारलं, पुढे का नाही बसत?
म्हणाले, तोल.

हे विमान त्यांचं नव्हे.
त्यांचं एकोणपन्नासात तारेच्या कुंपणात गेलं,
ते चालत घरी आले, भुवईवर सात टाके पडले.
पण याच्याही पुढच्या खुर्चीच्या तळाशी
फळ्यांच्या सांध्यांतून पांढरी पूड निघाली,
आणि पेन्सिलीच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या,
पार कोपऱ्यापर्यंत.
टामाती हळूच म्हणाला, शिकवलेली पोरं?
मी चष्मा पुसला.
कडेला लिहिलं होतं: पोती.

तरी मी त्या घासून काढल्या नाहीत.
वरून पातळ वॉर्निश फिरवलं.

उद्या खुर्ची बसवायची आहे.
टामाती, सुई ढकल इकडे.
उजेड आहे तोवर
एवढी फासळी उरकू.